तपासनीसाची बायको

"दात सगळे स्वतःचेच आहेत ना?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कुणाचे?" तपासनीस म्हणाले.

"तुमच्या मिसेसचे. कवळी, बसवलेला दात, हलणारा दात, असं काही? श्वासाची नळी घालताना आम्हाला सांभाळावं लागतं."

"स्वतःचेच."

"एक काढता-घालता आहे," मुलगी भिंतीजवळून म्हणाली. "खालचा, डावीकडचा. रात्री काढून ठेवते ती. सकाळी बाबा उठायच्या आत घालते."

डॉक्टरबाईंनी स्ट्रेचरवर वाकून बायकोच्या तोंडात बोट घातलं आणि खरोखरच एक दात बाहेर काढला. तो त्यांनी गॉजच्या तुकड्यात गुंडाळून तपासनीसांच्या हातात दिला. तपासनीसांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. खिशात काय आहे ते आपल्याला आत्ताच कळलं, हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

"जिने चढताना दम लागतो? छातीत दुखतं? पाय सुजतात?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

उत्तरं ते पटापट देत होते. बायको अर्धवट शुद्धीत होती, मधूनच कण्हत होती, आणि तिला विचारून काही उपयोग नव्हता. तिच्या मेंदूतली एक नस फुग्यासारखी फुगून फुटली होती. रक्त तात्पुरतं थांबलं होतं, पण ती नस पुन्हा फुटायच्या आत कवटी उघडून तिला चिमटा लावायचा, असं मेंदूच्या सर्जननी सकाळीच सांगितलं होतं. अशा वेळी नवऱ्यानं 'माहीत नाही' म्हणायचं म्हणजे काय? तपासनीसांना ते शोभलं नसतं. म्हणून जे माहीत नव्हतं तेही त्यांनी ठामपणे सांगितलं.

ते शहरातल्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होते. कुठल्याही थांब्यावर अचानक चढायचं, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जायचं आणि बिनतिकिटाचा माणूस नेमका हेरायचा, यात त्यांचा हात धरणारा डेपोत कुणी नव्हता. तिकीट बघायची मला गरजच पडत नाही, चेहरा बघितला की पुरे, असं ते म्हणत. नव्या भरतीच्या पोरांना ते एक गोष्ट हमखास सांगत. एकदा भर गर्दीच्या बसमध्ये त्यांचा सख्खा मेहुणा बिनतिकीट सापडला होता. "दाजी, पाकीट घरी राहिलं हो," असं म्हणाला. पन्नास माणसं बघत होती. कंडक्टर म्हणाला, जाऊ द्या साहेब, घरचेच आहेत. तपासनीसांनी घंटी मारून बस थांबवली आणि मेहुण्याला पुलाच्या मध्यावर उतरवलं. नियम म्हणजे नियम. पोरं माना डोलवत. संध्याकाळी तो मेहुणा घरी येऊन काय बोलला आणि मग तपासनीसांनी त्याला आणि बायकोला काय सुनावलं, तो भाग ते पोरांना सांगत नसत. तो माणूस या घरात पाऊल टाकणार नाही आणि तू त्याच्या घरात टाकणार नाहीस, एवढाच तो भाग होता. याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. बायकोनं त्यानंतर भावाचं नाव काढलं नव्हतं. आपल्या शब्दाला घरात केवढी किंमत आहे, याचा तपासनीसांना मनातून अभिमानच होता.

आता ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर मुलीच्या शेजारी बसल्यावर त्यांना सकाळ आठवू लागली. आठवायची नव्हती, तरी.

सकाळी ते चहा पीत होते. बायको स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं." त्या दिवशी संध्याकाळी डेपोतल्या एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता आणि बायकोला असल्या समारंभांचा कंटाळा होता. तपासनीसांनी वर मान करून तिचा चेहरा बघितला. "नाटकं पुरे," ते म्हणाले. "संध्याकाळी यायचं नसेल तर सरळ सांग."  ती चौकट धरूनच हळूहळू खाली बसली. त्यांनी उरलेला चहा संपवला. कप खाली ठेवल्यावर त्यांनी पुन्हा बघितलं, तेव्हा तिला उलटी झाली होती आणि मान एका बाजूला पडली होती.

उरलेला चहा आपण संपवला, हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

ऑपरेशनला तीन-चार तास लागतील असं सांगितलेलं असताना थिएटरचं दार लवकरच उघडलं. डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. तपासनीस उठून उभे राहिले.

"ऑपरेशन सुरूच करता आलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसा. मी नीट सांगते."

त्या स्वतः बाकावर बसल्या, म्हणून हेही बसले.

"मेंदूत असं रक्त सांडलं ना, की शरीराला वाटतं, आता जिवावर बेतलंय. मग धोक्याच्या वेळी जे काही रक्तात सोडायचं असतं ते सगळं शरीर एकदम सोडतं. तो मारा हृदयावर होतो. काही जणांचं हृदय त्यानं थिजल्यासारखं होतं. टोकाकडचा भाग फुगून बसतो, आवळतच नाही. बाहेरून ते दिसत नाही, कसंबसं चालू असतं. आम्ही भूल दिली की रक्तदाब थोडा उतरतो. तेवढा सगळ्यांचाच उतरतो. यांचा उतरला तो वर येईना. ठोके वेडेवाकडे पडायला लागले. औषधांवर आणलंय आता जागेवर. पण अशा हृदयावर डोकं उघडणं म्हणजे..." त्यांनी हात हलवला. "म्हणून थांबलो. आयसीयूत हलवतोय."

"हार्ट अटॅक?" मुलीनं विचारलं.

"तसाच दिसतो. तसाच असेल असं नाही. उद्या सकाळी बोलू."

तपासनीसांनी मान हलवली. त्यांना त्यातलं एवढंच कळलं की बायकोच्या जिवावर बेतलं तेव्हा तिच्या सगळ्या शरीरानं आकांत मांडला होता आणि आपण चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना आपल्या छोट्याशा खोलीत बोलावलं. टेबलावर एक विझलेला पडदा होता आणि खुर्च्या दोनच होत्या, म्हणून मुलगी दाराशी उभी राहिली.

"मला एकच गोष्ट ठरवायची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे हृदय काल बिघडलं की आधीपासून बिघडलेलं होतं? काल बिघडलं असेल, तर ते सावरतं. काही दिवसांत सावरतं, आणि मग आपल्याला ऑपरेशन करता येईल. पण हा जुना आजार असेल, तर पुन्हा भूल देणं म्हणजे त्यांना टेबलावरच घालवणं. रक्तस्राव ताजा आहे, त्यामुळे हृदयाच्या सगळ्या तपासण्या आत्ता करता येत नाहीत. ज्या केल्या त्या दोन्हीकडे बोट दाखवतात. म्हणून तुम्हाला विचारते. नीट आठवून सांगा. त्यांना कधी दम लागायचा? थकवा? छातीवर दडपण?"

काल आपण 'ठणठणीत' म्हणालो होतो, ते तपासनीसांना आठवलं. काल खोटं बोललो, आज तरी खरं सांगावं असं त्यांना मनापासून वाटलं. रात्रभर ते तेच आठवत बसले होते.

"दमायची ती," ते म्हणाले. "दर गुरुवारी. गुरुवारी शिवणाच्या वर्गाला जाते. परत आली की तोंड लालबुंद. कितीतरी वेळ तोंड धूत बसते. मग आडवी पडते, छातीवर हात ठेवून. जेवतही नाही कधीकधी. मी म्हणायचो, एवढी दमतेस तर जातेस कशाला."

"काल तुम्ही नाही म्हणाला होतात."

"काल... घाई होती."

डॉक्टरबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, पण तपासनीसांना ते सोसवेना. बिनतिकिटाच्या माणसाकडे आपण असेच बघत असणार, असं त्यांना वाटून गेलं.

"शिवणाच्या वर्गाला जाऊन येण्याइतक्या श्रमानं असं होत असेल, तर हृदय बरंच आधीपासून थकलेलं असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग मी पुन्हा भूल देणार नाही. औषधांवर ठेवू."

"आणि ती नस?"

"पुन्हा फुटू नये अशी आशा करायची. दुसरं काय करणार?"

खोलीतून बाहेर पडल्याबरोबर मुलीनं त्यांची बाही धरली. आणि धरूनच ठेवली. बोलायला तिला जड जात होतं.

"बाबा, आई दमून येत नव्हती."

"मी रोज बघतो तिला. तू लग्न होऊन गेलीस."

"ती शिवणाच्या वर्गाला जात नाही. सात वर्षं शिवण शिकते आणि घरात उशीचा एक अभ्रा शिवलेला नाही तिनं. तुम्हाला कधी प्रश्न पडला नाही?"

तपासनीसांना खरंच कधी प्रश्न पडला नव्हता.

"मामाकडे जाते ती," मुलगी म्हणाली. "दर गुरुवारी. मी सांगणार नाही असं वचन दिलं होतं तिला."

जे पहिलं त्यांच्या मनात आलं, तो राग होता. आयसीयूच्या दारात, बायको आत नळ्यांना जोडलेली असताना, कानशिलं तापण्याइतका राग. माझ्या पाठीमागे. इतकी वर्षं. तो राग दोन-चार श्वासांत ओसरला, आणि तो आला याचीच लाज मागे उरली. ती ओसरेना.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "कितव्या नंबरच्या बसनं जाते?"

"बसनं कशी जाईल? सगळ्या बसवर तुमचीच माणसं. तपासनीस साहेबांची बायको म्हणून प्रत्येक कंडक्टर ओळखतो तिला. जागा करून देतात, वहिनी वहिनी करतात. कुणीतरी सहज तुमच्यापाशी बोलून गेलं असतं." मुलीनं नाक पुसलं. "चालत जाते. जायला तास, यायला तास. ऊन असो नाही तर पाऊस."

"मग हे डॉक्टरांना आत्ताच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? चालत जाते एवढंच मला माहीत. तिथे पोचते तेव्हा कशी असते ते मी कुठे बघितलंय? ते मामाच सांगेल." ती थांबली. "मामाला अजून कळवलेलंच नाही मी."

"का?"

"तो धावत आला असता. आणि तुम्ही इथे, सगळ्यांसमोर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. बायको मरणाच्या दारात असताना तिच्या एकुलत्या एका भावाला बोलवायची या मुलीला छाती झाली नव्हती, कारण बाप तमाशा करेल. तपासनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पत्ता दे," ते म्हणाले. "मी आणतो त्याला."

"फोन करते ना मी."

"नको. मी जातो."

बसमध्ये कंडक्टरनं त्यांना बघून सलाम केला आणि पुढची जागा दिली. तपासनीस खिडकीशी बसले. जुना बाजार गेला, पाण्याची टाकी गेली, फाटक गेलं, आणि बस तरी पुढे चाललीच होती. एवढा रस्ता बसनंसुद्धा लांब वाटत होता. फाटकापुढे तर पादचाऱ्यांना चालायला धड कडाही नव्हती. एक बाई पिशवी सांभाळत ट्रकला वाट देऊन गटाराच्या काठावर उभी होती. तपासनीसांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघितलं.

मेहुणा चौथ्या मजल्यावर राहत होता. लिफ्टच्या दाराला साखळी होती, आणि साखळीला गंज चढला होता. तपासनीस दुसऱ्या मजल्यावर थांबले, तिसऱ्यावर कठड्याला धरून थांबले. वर पोचून त्यांनी दार वाजवलं तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मेहुण्यानं दार उघडलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हातात ब्रश होता, आणि त्याच्यामागे भिंतीला टेकवलेल्या पाटीवर अर्धंच अक्षर झालं होतं. त्यानं तपासनीसांकडे बघितलं. एवढ्या वर्षांनी दारात उभ्या असलेल्या माणसाला तो काहीही बोलू शकला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

"ताईला काय झालं?" त्यानं विचारलं.

तपासनीसांनी सांगितलं. मेहुणा ऐकता ऐकता ब्रश पुसत होता. तो स्वच्छ झाला तरी पुसतच होता.

"मला एक विचारायचं आहे," तपासनीस म्हणाले. "हा जिना चढताना तिला दम लागतो का?"

"ताईला?" मेहुण्याला प्रश्न विचित्रच वाटला असावा. "दाजी, ती खालपासूनच बोलायला लागते. दुसऱ्या मजल्यावर असते तेव्हापासून मला ऐकू येतं. केस वाढलेत का, जेवतोस का, मागच्या वेळी सांगितलेलं केलंस का. दारात पोचेपर्यंत माझी हजेरी घेऊन झालेली असते. दम लागतो तो मला, ऐकून."

"परवाच्या गुरुवारीसुद्धा?"

"परवासुद्धा. वर येऊन खिडकीचे पडदे काढले आणि धुवायला बसली. थांब म्हटलं तर ऐकते का?"

"मग घरी आली की छातीवर हात ठेवून पडून का राहते?"

मेहुणा पाटीकडे बघत राहिला. सांगावं की नाही, हे तो ठरवत असावा.

"जाताना रडते ती," तो म्हणाला. "दर वेळी. मी म्हणायचो, नको येत जाऊस मग. तर म्हणायची, येण्याचं नाही रे, घरी जाऊन खोटं बोलायचं, त्याची लाज वाटते."

लाज तिला वाटत होती. आपण तिला लाज वाटायला लावली, आणि दर गुरुवारी रात्री तिच्या सुजलेल्या डोळ्यांसमोर बसून पोटभर जेवलो.  मेहुण्यानं त्यांना पाणी आणून दिलं आणि पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरबाईंच्या खोलीत या वेळी तपासनीस दाराशी उभे राहिले आणि मेहुण्याला त्यांनी खुर्चीवर बसवलं. मेहुण्यानं सगळं सांगितलं. चालणं, जिना, बोलणं, पडदे.

"एक मिनिट," डॉक्टरबाई पुढे सरकल्या. "तासभर चालून, मग चार मजले, न थांबता? आणि बोलत?"

"तुम्ही ताईला ओळखत नाही. न बोलता ती खालचा मजलासुद्धा चढायची नाही."

"मधे कुठे टेकायच्या? ओठ निळे पडायचे? घाम?"

"नाही हो. घाम मला सुटायचा, घर आवरलेलं नसलं की."

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "मग हे हृदय आजारी नव्हतं. हा धक्का कालचा आहे, मेंदूकडून आलेला. सावरेल ते. आपण वाट बघू." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "हे सकाळी का नाही सांगितलंत मला? मी यांना जवळजवळ सोडूनच दिलं होतं."

"मला माहीत नव्हतं," तपासनीस म्हणाले.

हे तीन शब्द त्यांनी नोकरीत कधी उच्चारले नव्हते, घरात तर नाहीच. ते उच्चारल्यावर हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती. तसं काही झालं नाही.

पुढचे काही दिवस डॉक्टरबाई रोज यंत्र लावून हृदय बघत. एके दिवशी त्यांनी तिघांना पडद्यावर दाखवलंही. आधी गाडग्यासारखं नुसतं फुगून राहिलेलं टोक आता जरा जरा आवळत होतं. मुलगी रडली. मेहुण्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तपासनीस पडद्याकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी तपासनीस आणि मेहुणा बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून. मुलगी चहा आणायला खाली गेली होती.

"पाकीट खरंच घरी राहिलं होतं, दाजी," मेहुणा एकदम म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कितीतरी दिवस खिशात राहिलेली वस्तू काढून ठेवावी तसं तो बोलला.

"माहीत आहे."

"नंतर कळलं असेल. ताईनं सांगितलं असेल."

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. मेहुण्यानंच करून दिलेली. तपासनीसांनी चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं.

"तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "तुझा चेहरा बघितला तेव्हाच. पण कंडक्टर 'घरचेच आहेत' म्हणाला, आणि सगळी बस माझ्याकडे बघायला लागली."

 मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मेहुण्यानं तिच्या हातातला एक कप घेऊन तपासनीसांच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला, पण त्यांच्याच्यानं तो पिववेना. तो हातातच गार झाला.

या वेळी थिएटरचं दार लवकर उघडलं नाही. उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या आधी मेंदूचे सर्जनच बाहेर आले आणि म्हणाले, नस बंद झाली. मागून डॉक्टरबाई आल्या. "हृदयानं साथ दिली," त्या म्हणाल्या, आणि दिसली त्या खुर्चीवर बसल्या.

नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं नीट डोळे उघडले. डोक्याला पट्टी, तोंड सुजलेलं, घसा बसलेला. डॉक्टरबाई तिला तपासत होत्या. मुलगी तेव्हाच घरी आंघोळीला गेली होती, म्हणून तपासनीस आणि मेहुणा दोघांना आत बोलावलं. मेंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला काय काय आठवतं, ते घरच्यांना समोर उभं करून विचारतात, असं नर्सनं सांगितलं.

"नाव सांगा तुमचं."

बायकोनं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं.

"माझी बोटं दाबा. छान. आता दुसऱ्या हातानं. हे कोण आहेत?"

बायकोनं तपासनीसांकडे बघितलं. "आमचे हे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि हे?"

तिची नजर मेहुण्याकडे गेली. क्षणभर तिचं सगळं तोंड उजळलं. मग ती नजर तिथून निघाली, तपासनीसांच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"नाही ओळखत," ती म्हणाली.

"नीट बघा. घाई नाही."

"नाही. मी नाही बघितलं यांना कधी."

मेहुण्यानं पलंगाची कड धरली. डॉक्टरबाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पुन्हा हात दाबायला लावले. "सकाळी अर्धवट झोपेतही मुलीला ओळखलं होतं," त्या नर्सला हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता सख्ख्या भावाला नाही? नसा आखडायला लागल्या असतील. स्कॅनला फोन कर. ताबडतोब."

नर्स वळली. शेजारच्या पलंगापाशी कुणाचे तरी नातेवाईक उभे होते, ते इकडे बघू लागले. कोपऱ्यात एक शिकाऊ डॉक्टर होता. तोही बघत होता.

"स्कॅन नको," तपासनीस म्हणाले.

"म्हणजे?"

"तिनं ओळखलंय त्याला." आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली. "मी त्याला घरात यायची बंदी केली होती. तिलाही भेटायची. ती लपून भेटायची. आता मी इथे उभा आहे, म्हणून ती नाही म्हणते. तिचं डोकं ठीक आहे डॉक्टर. ती मला घाबरते."

 शेजारचे नातेवाईक दुसरीकडे बघू लागले. डॉक्टरबाईंनी नर्सला हातानंच थांबवलं.

तपासनीस पलंगावर वाकले. "अगं, मीच आणलंय त्याला," ते म्हणाले. "मला सगळं कळलंय. मी काही बोलणार नाही. बोल त्याच्याशी."

बायको त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यात काय शोधत होती ते त्यांना कळलं. आणि तिचा विश्वास बसला नाही, हेही कळलं.

"मी नाही ओळखत हो यांना," ती पुन्हा म्हणाली, अगदी अजिजीनं.

ते सरळ उभे राहिले. पलंगाभोवतीचा पडदा बाजूला करून बाहेर आले आणि तो त्यांनी मागे ओढून घेतला. बाहेर बसायला काही नव्हतं, म्हणून ते तिथेच उभे राहिले. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग बायकोचा आवाज आला, इतका हळू की पडद्याला कान लावल्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळला नसता.

"गेले का ते?"

मेहुणा काय उत्तर द्यावं या विचारात असावा. तो उत्तर देण्याआधी तपासनीस, पावलं वाजू न देता, दाराच्या दिशेनं चालू लागले.